एका टेबलावरचे दोन मॅट्रिक

आमच्या घरी माडीवर एक जुनं सागवानी टेबल आहे. त्याच्या एका कोपऱ्यात शाईचा मोठा डाग आहे, आणि कडेला टाचण्या खुपसून खुपसून बारीक भोकांची रांग पडली आहे. लहानपणी मी त्या भोकांमध्ये अगरबत्तीच्या काड्या उभ्या करून खेळायचे. आजोबा म्हणायचे, "जपून गं. कोर्टाचं टेबल आहे ते."

टेबल कोर्टाचं नव्हतंच. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक नामांकित वकील होते, त्यांच्या ऑफिसातलं ते. आजोबा १९५४ साली मॅट्रिक झाले आणि अठराव्या वर्षी त्यांच्याकडे कारकून म्हणून लागले. टेबलाच्या त्या बाजूला वकीलसाहेब, या बाजूला आजोबा. वकीलसाहेब गेल्यावर त्यांच्या मुलाने ऑफिस चालवलं, तेव्हाही आजोबा याच बाजूला. असे बेचाळीस वर्षं. शेवटी ऑफिस बंद झालं तेव्हा निरोप म्हणून हे टेबल मिळालं.

सकाळी कोर्टात जाऊन बोर्ड बघायचा, आज कुठल्या प्रकरणाची तारीख आहे ते टिपायचं, वकीलपत्रं भरायची, कोर्ट फीचे स्टॅम्प लावायचे, नकलांसाठी अर्ज करायचे, बेलिफाच्या मागे फिरायचं, बाहेरगावच्या पक्षकारांना चहा पाजून धीर द्यायचा, ही सगळी आजोबांची कामं. पुढे पुढे दावा आणि कैफियतसुद्धा तेच लिहायचे. वकीलसाहेब वाचून एखादा शब्द बदलायचे आणि सही करायचे.

मी बारावीत असताना एकदा सहज विचारलं, "वकीलसाहेब कुठल्या कॉलेजचे हो, आजोबा?"

"कॉलेज?" आजोबा हसले. "ते मॅट्रिक होते. माझ्यासारखेच."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा नव्हती. वकीलसाहेब मॅट्रिकनंतर अभ्यास करून डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा पास झाले होते. विद्यापीठाची पायरी कधी चढलेच नव्हते, आणि तरीही दिवाणी दाव्यांत त्यांच्यापुढे उभं राहायला जिल्ह्यातले एलएल.बी. वकील घाबरायचे. म्हणजे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोन मॅट्रिक बसलेले होते. एक वकील, दुसरा कारकून. दोघांच्या शिक्षणात फरक नव्हता. जन्माच्या सालात साधारण पंचेचाळीस वर्षांचा फरक होता.

या पंचेचाळीस वर्षांत काय झालं, ते शोधायला मी निघाले, त्याची ही गोष्ट.

*

आज तुम्ही बारावीला असाल आणि वकील व्हायचं असेल, तर रस्ता साधारण माहीत असतो. सीईटी किंवा क्लॅट द्यायची, पाच वर्षांचा कोर्स करायचा, बार कौन्सिलकडून सनद घ्यायची. पदवी आधीच झाली असेल तर तीन वर्षांचा कोर्स. सीबीएसईच्या मुलांना तर अकरावी-बारावीतच लीगल स्टडीज हा विषय घेता येतो. मी राज्य बोर्डाची, त्यामुळे मला तो नव्हता. २०१६ साली महाराष्ट्राची लॉ सीईटी पहिल्यांदाच झाली, त्या पहिल्या खेपेला मी बसले.

घरात वाद झाला. काका म्हणाले, "आधी बीकॉम कर. बारावीनंतर लगेच लॉ? या वयात कायद्यातलं काय कळणार?"

आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, "वकीलसाहेबांना काय कळत होतं मग?"

त्यावर कोणी बोललं नाही आणि मी पुण्याला गेले. पहिल्या वर्षी कायद्याचा इतिहास शिकताना वहीच्या एका पानावर दोन तारखा एकाखाली एक आल्या. मुंबईतलं शासकीय विधी महाविद्यालय: १८५५. मुंबई विद्यापीठ: १८५७.

मी दोनदा वाचलं. कॉलेज आधी, विद्यापीठ नंतर?

होय, तसंच. एर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते आणि इथल्या शिक्षण मंडळाचे अध्यक्षही. ते १८५२ साली इंग्लंडला परत गेले. त्यांच्या सन्मानार्थ मुंबईकरांनी वर्गणी काढली आणि त्यातून कायदा शिकवण्यासाठी त्यांच्या नावाचं प्राध्यापकपद निर्माण झालं. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने वर्ग सुरू झाले. आज आशियातलं सर्वात जुनं लॉ कॉलेज म्हणून जे ओळखलं जातं, त्याची ही सुरुवात. तेव्हा पदवी द्यायला विद्यापीठच नव्हतं. १८ जुलै १८५७ रोजी ते कायद्याने स्थापन झालं. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी पुढे १८६६ साली एलएल.बी. केली.

मग १८६२ च्या आधी कोर्टात उभं कोण राहायचं?

*

त्या काळी मुंबईत दोन प्रकारची कोर्टं होती. एक राजाचं सुप्रीम कोर्ट. तिथे इंग्रजी कायदा, इंग्रजी भाषा आणि विलायतेहून आलेले बॅरिस्टर. दुसरी कंपनी सरकारची कोर्टं, त्यांच्या वर सदर अदालत. तिथे वकील असायचे, ते इथलेच. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जे नियम झाले, त्यात या वकिलांबद्दलही नियम होते. १८४६ साली कायदा झाला की कंपनीच्या कोर्टात वकिली करायला धर्म किंवा राष्ट्रीयत्व आड येणार नाही. लायकीचा दाखला हवा, एवढंच. विद्यापीठाच्या पदवीचा प्रश्नच नव्हता, कारण विद्यापीठच नव्हतं.

मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक याच पिढीचे. जन्म १८३३. विद्यापीठ निघण्यापूर्वीच त्यांचं एल्फिन्स्टनमधलं शिक्षण आटोपलेलं. पदवी नाही, पण हायकोर्टातले नावाजलेले वकील. धर्मशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांचं त्यांनी केलेलं संपादन आणि भाषांतर पुढे हिंदू कायद्याच्या अभ्यासात वापरलं गेलं.

१८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट आलं आणि जुनी दोन्ही कोर्टं त्यात विलीन झाली. पण वकिलांच्या जाती मात्र राहिल्या. हायकोर्टात ॲडव्होकेट वेगळे, वकील वेगळे, सॉलिसिटर वेगळे. जिल्ह्यात प्लीडर. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, कोण कुठल्या कोर्टात उभा राहणार ते ठरलेलं. सर्वात वर विलायती बॅरिस्टर, आणि सर्वात खाली, तालुक्याच्या कोर्टात, आमच्या वकीलसाहेबांसारखे मॅट्रिक प्लीडर.

मी आधी समजत होते की पदवी नसलेला वकील म्हणजे अर्धवट वकील. पण इंग्लंडमध्येसुद्धा कायदा हा मुळात विद्यापीठाचा विषय नव्हता. ऑक्सफर्डला रोमन कायदा आणि चर्चचा कायदा शिकवत. इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्यावर तिथे व्याख्यानं सुरू झाली ती ब्लॅकस्टोननी, १७५३ साली. त्याच्या आधी कित्येक शतकं वकील तयार होत होते ते लंडनच्या 'इन'मध्ये. इन म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्था: राहायचं, जेवायचं, वरिष्ठांचं ऐकायचं आणि शिकायचं.

आपल्याकडचं याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मोहनदास गांधी. १८८७ साली मॅट्रिक. भावनगरच्या कॉलेजात एक सत्र काढलं, जमलं नाही, घरी परत. १८८८ साली लंडन. बॅरिस्टर व्हायला बारा सत्रं भरावी लागत आणि सत्र भरणं म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरावीक जेवणांना हजर राहणं. गांधींनी आत्मकथेत लिहिलंय की सत्रात साधारण चोवीस जेवणं असत आणि त्यातल्या निदान सहांना हजर राहावं लागे. जोडीला परीक्षा दोन, रोमन कायदा आणि इंग्लंडचा कायदा. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. मुंबईत परतल्यावर वकिली चालेना. स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या केसला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून खाली बसले. मग एका शाळेची जाहिरात पाहिली: इंग्रजीचा शिक्षक हवा, रोज एक तास, पगार पंचाहत्तर रुपये. गेले. शाळेने विचारलं, पदवीधर आहात का? नाही. मग चालणार नाही.

म्हणजे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत असा माणूस होता की जो हायकोर्टात उभा राहू शकत होता, पण पदवी नाही म्हणून शाळेत तासभर शिकवू शकत नव्हता. आज हे उलटं झालं आहे.

*

विलायतेला जाणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. मॅट्रिक झालेल्या, थोडी शेती असलेल्या घरातल्या मुलाने काय करायचं? त्याने पुण्याला यायचं आणि क्लास लावायचा.

हो, क्लास. आणि क्लास कोणाचा, तर बाळ गंगाधर टिळकांचा. टिळकांनी १८७९ साली एलएल.बी. केली, पण वकिली केली नाही. शाळा-कॉलेज उभारलं, १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आता पोट कसं भरायचं? केसरी आणि मराठा तेव्हा पोटापुरतं देणारे नव्हते. त्या सुमारास त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची तयारी करून घेणारा, मुंबई इलाख्यातला असा हा पहिला वर्ग मानला जातो. पुढे ज्यांच्यावर सरकारने राजद्रोहाचे खटले भरले, ते गृहस्थ त्याआधी काही वर्षं पोरांकडून त्याच सरकारचे कायदे पाठ करून घेत होते.

आमचे वकीलसाहेब टिळकांच्या वर्गातले नव्हेत, ते बरेच नंतरचे. पण त्यांचा रस्ता तोच. पुण्यात एका नातेवाइकाकडे राहून, वार लावून जेवून त्यांनी अभ्यास केला, असं आजोबा सांगत.

आजोबा कामाला लागले तोपर्यंत हा रस्ता बुजला होता. वकिलीला पदवी लागत होती: आधी बी.ए. किंवा तत्सम काहीतरी, मग एलएल.बी. म्हणजे पुण्या-मुंबईत पाच-सहा वर्षं राहणं. आजोबा थोरले. घरी चार भावंडं, वडील अंथरुणाला खिळलेले. मग १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला. वकिलांच्या जुन्या सगळ्या जाती मोडून 'ॲडव्होकेट' हा एकच वर्ग झाला. जे आधीपासून प्लीडर होते त्यांचं काम चालू राहिलं, पण नव्याने येणाऱ्याला कायद्याची पदवी हवीच.

मी आजोबांना विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

ते म्हणाले, "वाटलं ना. वकीलसाहेब म्हणायचे, तू दहा वर्षं आधी जन्मायला हवा होतास. मी मनात म्हणायचो, दहाने काय होणार? तीस म्हणा."

*

इथे थांबून मी सहज म्हणू शकले असते: पाहा, जुनं किती छान होतं, मॅट्रिक झालेला पोरगाही वकील होत होता, मग पदवी आली आणि गरिबांचं दार बंद झालं. पहिल्या वर्षाच्या एका निबंधात मी हे लिहिलंही होतं. मार्कही बरे मिळाले.

पण ते खरं नव्हतं. आजोबांनीच ते मोडून काढलं. निबंध ऐकून ते म्हणाले, "त्या वेळी आपल्या तालुक्यात किती प्लीडर होते, सांग. आणि कोण कोण होते?"

त्यांनी बोटांवर नावं मोजली. आडनावं ऐकल्यावर मला उत्तर कळलं. नावं इथे देत नाही, पण ती सगळी दोन-तीन जातींमधली होती. पुण्यात वार लावून जेवायला ज्यांना घरं मिळत होती, ते. पंगतीत ज्यांना बसवून घेतलं जात होतं, ते. कागदावर परीक्षा सगळ्यांना खुली होती. त्या परीक्षेपर्यंत जाणारा रस्ता मात्र काही ठरावीक अंगणांमधूनच जात होता.

आणि बायकांना तर कागदावरही नव्हता. नाशिकला १८६६ साली जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली, तेव्हा इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले. १८९२ साली ती ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. तिथे ते १९२० साली सुरू झालं. भारतात येऊन तिने १८९७ साली मुंबईची एलएल.बी. केली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षाही दिली. दोन्ही दारं झाली, कॉलेजचंही आणि परीक्षेचंही. तरीही वकील म्हणून नाव नोंदवून मिळालं नाही. भारतभरच्या स्त्रियांची ही अडचण कायद्याने दूर झाली ती १९२३ साली.

बाबासाहेब आंबेडकरांकडे तर पदव्या होत्याच होत्या: मुंबई, कोलंबिया, लंडन, शिवाय ग्रेज इनची बॅरिस्टरी. तरी वकिली सुरू केली तेव्हा जातीमुळे कामं मिळणं अवघड होतं. उत्पन्नासाठी त्यांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. म्हणजे टिळकांसारखाच क्लास. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. विद्यापीठाच्या आधी जन्मलेलं ते कॉलेज तेव्हा ऐंशी वर्षांचं होतं.

हे सगळं एका रांगेत ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न विचारत होते. कायदा कुठल्या वयात शिकावा, बारावीनंतर की पदवीनंतर, कॉलेजात की क्लासात, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे, आणि उत्तर दर पिढीला बदललं आहे. १९८० च्या दशकात बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आला. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९८८ मध्ये वर्ग सुरू केले, तेव्हा ही नवी कल्पना वाटली. पण अठरा वर्षांच्या मुलाने थेट कायद्याला हात घालणं ही नवी गोष्ट नव्हती. गांधींनी ते केलं होतं, आमच्या वकीलसाहेबांनीही केलं होतं. विचारायचा प्रश्न दुसराच आहे: या वेळच्या दाराबाहेर कोण उभं आहे?

माझ्या वर्गात पाहिलं तर उत्तर समोर होतं. सीईटीचा क्लास लावणं ज्यांना परवडलं, ज्यांचं इंग्रजी बरं होतं, ते आत. मीसुद्धा आत, कारण माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी विहिरीचं काम दोन वर्षं लांबवलं. माझ्याच गावची, माझ्याहून हुशार एक मैत्रीण फॉर्मची फी भरूनही परीक्षेला आली नाही. केंद्र लांबच्या शहरात होतं आणि सोबत जायला कोणी नव्हतं.

*

तिसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आले असताना मी दाव्याचा एक मसुदा लिहिला होता. अभ्यासाचा भाग म्हणून. इंग्रजीत, चौदा पानं, लॅटिन म्हणी पेरलेल्या. आजोबांना मराठीत समजावून सांगितला. जमिनीच्या वाटपाचं काल्पनिक प्रकरण होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दाव्याचं कारण कधी आणि कुठे घडलं, ते सांगितलं नाहीस."

मी मसुदा उलटसुलट बघितला. खरंच राहिलं होतं. दावा मुदतीत आहे की नाही आणि त्या कोर्टात चालतो की नाही, हे त्या एका परिच्छेदावरून ठरतं. चौदा पानांत तोच नव्हता.

"आणि दाव्याची किंमत?" ते म्हणाले. "स्टॅम्प किती लावणार मग?"

आम्ही माडीवर त्याच टेबलाशी बसलो होतो. मी सवयीने त्यांच्यासाठी वकीलसाहेबांच्या बाजूची खुर्ची ओढली होती. ते तिथे बसले नाहीत. वळसा घालून आपल्या बाजूला आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "लिही, मी सांगतो." मसुदा साडेतीन पानांत संपला.

२०२१ साली मला सनद मिळाली. तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते. पहिलं वकीलपत्र मी घरी आणलं, भरून घ्यायला. आमच्याच भावकीतल्या एका काकूंचं होतं, पोटगीचं प्रकरण. आजोबांचा हात थरथरत होता, तरी पक्षकाराचं नाव, प्रकरणाचा प्रकार, कोर्टाचं नाव त्यांनी सुवाच्य अक्षरात भरलं. वकिलाच्या सहीच्या जागेपाशी आले, तिथे पेन्सिलीने एक बारीक फुली मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

अशी फुली ते बेचाळीस वर्षं मारत होते, सही कुठे करायची ते वकिलाला कळावं म्हणून.

मी सही केली. फुली खोडली नाही. कोर्टात शिरस्तेदारांनी कागद पाहिला, फुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कारकून जुना दिसतोय तुमचा. कोण आहे?"